माझे शिल्लक तास धाकटीला

मी, वय एकाहत्तर, गल्लीतल्या दिवंगत सुतारदादांची पत्नी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. घाई आहे ती आनंदाची. पेढीच्या कालच्या सभेत नियम बदलला: तासपेढीतले तास आता वारसाला देता येतात.

तासपेढी म्हणजे काय, ते वकिलांसाठी सांगते. मी तासभर कुणाचं काम करायचं, पुढे कधीतरी कुणीही माझं करायचं. डॉक्टरीणबाईंचा तास आणि माझा भाजी निवडण्याचा तास सारखाच. आमचे हे लाकूड तासायचे, मी तास जमवले.

१. घराचा वरचा मजला मुलीला. खालचा धाकट्या जाऊचाच आहे, त्यावर मुलीने डोळा ठेवू नये.

२. ह्यांची हत्यारं पेढीला. पटाशी नेणाऱ्याने धार लावूनच परत ठेवावी. बोथट पटाशी ह्यांना बघवत नसे; मलाही अजून बघवत नाही.

३. सगळे शिल्लक तास धाकट्या जाऊला. होय, तिलाच. पेढीत आधी सगळे द्यायला पुढे, मागायला कुणी नाही. पेढी बंदच पडायच्या बेतात होती. हे गेले तेव्हा मी मागितलं: कुणीतरी तासभर नुसतं बसा. प्लंबर आला आणि गळका नळ बघून उठला. म्हटलं, "नळ राहू दे, बस." वहीत कामाचं नाव 'बसणे' असं लिहिलं. आता निम्मी गल्ली बसणे मागते.

धाकटी सगळ्यांचे कपडे शिवते, स्वतः काही मागत नाही. मी पाठवलेला डबा तिने न उघडता परत केला: "उपकार नकोत कुणाचे." तेव्हापासून सहा वर्षं अबोला. दारातल्या तीन पायऱ्या ती गुडघा धरून उतरते, मी वरून बघते. माझ्यामागे ती एकटी पडेल, एवढाच घोर आहे. अट एकच: तास साठवू नयेत, मागून संपवावेत.

ताजा कलम: सह्या होत असताना खालून आवाज आला, "वर कसली गर्दी?"

"मृत्युपत्र करतेय. ये वर."

"मरणाऱ्या माणसाचा आवाज नाही हा, जाऊबाई."

"ये तर खरी."

खालच्या पायरीवर एक पाऊल वाजलं, थांबलं. मग, "गुडघा वळत नाही. पाठवा कुणाला तरी."

साक्षीदार नर्सबाई सही करून तिला वर आणायला खाली गेल्या आहेत. हा तास माझ्या शिलकीतून वजा करावा. मी हयात असतानाच हे मृत्युपत्र अमलात आलं. वकिलांनी हरकत घेऊ नये.

सही: सुतारदादांची पत्नी
साक्षीदार: १. प्लंबर २. दवाखान्यातल्या नर्सबाई
ठिकाण: राहतं घर, वरचा मजला
तारीख: चौदा मार्च, सकाळी अकरा