विहिरीतला दगडी कापूस व माझ्या पश्चात त्याची व्यवस्था

मी, शिवप्रसाद बन्सीधर दुधाटे, वय एकवीस, राहणार चारठाण्याजवळ, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, शिक्षण बी.एस्सी. भूगर्भशास्त्र दुसरे वर्ष (अर्धवट), धंदा विहिरीच्या टोळीवर ड्रिल मशीन चालवणे, आज दुपारी धुरपताबाई यांच्या शेतातील लिंबाखाली बसून माझी शेवटची इच्छा स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला राग आलेला आहे, पण राग म्हणजे बेशुद्धी नव्हे. माझ्यावर दबाव आहे, तो फक्त "लिहू नको आणि उतरू नको" असा आहे, आणि तो मी जुमानलेला नाही.

मृत्युपत्राची वेळ का आली, ते आधी लिहितो. धुरपताबाईंची ही नवी विहीर पंचेचाळीस फुटांवर आली आहे. काल संध्याकाळच्या सुरुंगाने पूर्वेच्या भिंतीत घागरीएवढी पोकळी उघडी पडली. तिच्या आत दगडी कापूस आहे. पोकळीच्या बरोबर वर एक शिळा सैल होऊन लोंबते आहे. आजची भोके पाडून झाली, दारू भरायची बाकी आहे, आणि चार वाजता सुरुंग उडणार, कारण उद्या क्रेन देवगाव फाट्याच्या कामावर जाणार. सुरुंग उडाला की पोकळीचा भुगा. म्हणून चारच्या आत खाली उतरून छन्नीने ती अख्खी काढायची, असे मी ठरवले आहे.

आमचे मुकादम वैजीनाथमामा म्हणाले, "शिळा टाळक्यात पडली तर तुझ्या आईला म्या काय सांगू? दोन वळी लिहून दे, मंग उतर."

दोन ओळींत माणूस मावत नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कलम १. घर आईचे आहे आणि आईचेच राहील. माझी पत्र्याची खोली मोठा भाऊ गोपीचंद याला द्यावी, पण खोलीतील दगडांच्या फळ्या त्याने हलवू नयेत. त्याने मागच्या दिवाळीत माझा एक चांगला हिरवट स्फटिक म्हशीच्या दावणीच्या खुंट्याखाली ठोकला होता. मोटारसायकलही त्यालाच. हॉर्न वाजत नाही, पण माणूस आरडाओरडा करणारा असल्यामुळे अडचण येणार नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते माझी आई चांगुणाबाई हिचे. आकडा लिहिण्यासारखा नाही. आईने रडू नये असे लिहिणार होतो, पण थोडे रडावे. मी कॉलेज सोडून घरी आलो त्या दिवशी ती म्हणाली होती, "दगडं शिकायला परभणीला कशाला जावं लागतंय? आपल्या वावरात काय कमी हायत?" ते मला तेव्हा लागले होते. आता ते बरोबर निघाले आहे, म्हणून माफ.

कलम ३. मुख्य मालमत्तेचे वर्णन. वर 'दगडी कापूस' म्हटले ते टोळीतल्या लोकांना कळावे म्हणून. शास्त्रातले नाव ओकेनाइट. घटक कॅल्शियम, सिलिका आणि पाणी. दिसायला बोरापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे पांढरेशुभ्र गोळे, अंगावर रेशमासारखे तंतू. तंतू अत्यंत मऊ असतात. (दुरुस्ती, पेन्सिलने, दुसऱ्याच्या अक्षरात: मऊ नाहीत. बारीक आहेत म्हणून मऊ वाटतात. पं.)

त्याचा जन्म असा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. थरावर थर बसले. थंड होताना त्यातला वायू अडकून दगडात फुगे राहिले. पुढे त्या काळ्या दगडातून कढत पाणी फिरत राहिले, वाटेत दगडातला चुना आणि सिलिका घेत गेले, आणि रिकाम्या फुग्यात येऊन हळूहळू सोडत गेले. तिथे हा कापूस उगवला. सगळ्या फुग्यांत नाही. पाण्यात चुना किती, ऊब किती, हे नेमके जुळले तरच. नाहीतर साधी गारगोटी. याच काळ्या दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली आणि तिच्यात आपण कापूस लावतो. म्हणजे या शिवारात वरही कापूस आणि खालीही कापूस, हे माझ्याआधी कोणी लिहिल्याचे मला आढळलेले नाही.

हाताळणी: धुऊ नये. पाणी लागले की तंतू एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. फुंकर मारू नये. पुसू नये. बोट लावू नये. विशेषतः धुरपताबाईंना दहा हातांच्या आत येऊ देऊ नये. याचे कारण पुढच्या कलमात.

कलम ४. जुनी बाकी. मागच्या वर्षी फेब्रुवारीत याच शेतातल्या जुन्या विहिरीच्या ढिगाऱ्यात मला ओकेनाइटचा पहिला तुकडा सापडला. दगडाच्या वाटीत सहा गोळे. तो खोक्यात घालून, झाकण उघडे ठेवून, मांडीवर धरून मी चारठाण्याहून बसने परभणीला निघालो. शेजारच्या सीटवर धुरपताबाई होत्या. तेव्हा आमची ओळख नव्हती. जिंतूर यायच्या आधी मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा बाईंच्या चिमटीत पाचवा गोळा होता.

मी ओरडलो. बाई म्हणाल्या, "आरं बाबा, बोंड फुटल्यालं दिसलं की हात जातोच. चाळीस वरसं येचायलेय म्या. पर तुझा कापूस लय निकस हाय, पार भुगा व्हायलाय!"

सहावा त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत वेचला. हात सुरूच झाला होता, थांबला नाही.

कॉलेजात पोचलो तेव्हा माझ्याकडे सहा खळगे पडलेला टकला दगड होता. मी वर्गात उभा राहून सांगितले, की चारठाण्याला ओकेनाइट आहे. विभागप्रमुख सर म्हणाले, "कुठंय?" मी म्हणालो, "बसमध्ये वेचला." वर्ग पाच मिनिटे हसत होता. सर म्हणाले, "ही गारगोटी आहे, बसा खाली." मी बसलो नाही. दगड टेबलावर आपटला, टेबलाची काच फुटली, आणि मी तसाच बाहेर पडलो तो आजतागायत. कॉलेजचे नाव लिहीत नाही, काच त्यांची होती.

तो टकला दगड सरांना द्यावा. सोबत चिठ्ठी नको. धुरपताबाईंना मी माफ केले आहे, कारण त्यांच्याच शेतात खोदायचे म्हणून मी या टोळीत आलो, आणि त्या रोज दुपारी ठेचा आणतात.

कलम ५. मोबाईल कोणीही उघडू नये. त्यात लिहून न पाठवलेले काही मजकूर आहेत. ते न वाचता पुसावेत. गोपीचंदने तर त्या मोबाईलच्या खोलीतही थांबू नये.

कलम ६. त्या दिवशी वर्गात एक मुलगी हसली नव्हती. पंकजा व्यंकटराव गरुड. तिने वही उघडून विचारले होते, "नेमका कुठं सापडला?" एवढेच. मी तेव्हा रागात होतो, उत्तर न देता निघून आलो. ते उत्तर चौदा महिने माझ्याकडे पडून आहे. आता ती शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचा प्रकल्प जिंतूर भागातील दगडांवर आहे, असे कळते. आज सकाळी दहा वाजता मी तिला पोकळीचा फोटो पाठवला आणि लिहिले: "उतरतोय. वाचलो तर तुला, नाही वाचलो तरी तुला." माझ्या पश्चात संपूर्ण पोकळी, आतील सर्व कापसासह, कुमारी पंकजा हिला द्यावी. (हे कलम खोडले आहे. मी नव्हे, तिनेच.)

कारण येथवर लिहिले तेव्हा अडीच वाजले होते आणि बांधावरून ती स्वतः येताना दिसली. परभणीहून बसने जिंतूर, तिथून काळीपिवळी जीपने चारठाणा, पुढे पायी. तोंड उन्हाने लाल, किंवा दुसऱ्या कशाने.

"दुधाट्या, तुला अक्कल हाय का? भूगर्भशास्त्र शिकून लोंबत्या शिळेखाली छन्नी मारायलास?"

"अर्धवट शिकलोय," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातले कागद ओढून घेतले आणि उभ्यानेच वाचले. कलम तीनला थांबून पेन्सिल काढली. कलम पाचला माझ्याकडे बघितले. कलम सहावर आडव्या दोन रेघा मारल्या. मग मुकादमांकडे वळली.

"मामा, पूर्वेच्या अंगाला भोकं किती?"

"च्यार."

"ती च्यार भरलीच न्हाईत तर?"

"तर इहीर तेवढ्या अंगाला पोटुशी दिसंल. मालकिनीला इचार बाई."

धुरपताबाई भाकरी बांधत होत्या. म्हणाल्या, "वाकडी तर वाकडी. पानी काय वाकडं येनार हाय का?"

"आणि शिळा?" पंकजाने विचारले.

"तिला साकळी घालून क्रेननं वर वढतो की. अर्ध्या घंट्याचं काम."

मी म्हणालो, "मामा, हे सकाळीच का सांगितलं न्हाई?"

"तू इचारलंस कवा? 'मीच उतरनार' म्हनलास आन् कागुद घिऊन बसलास. आमाला वाटलं, पोरगं परिक्षेला बसलंय."

शिळा तीन वाजून दहा मिनिटांनी वर आली. म्हशीएवढी आहे. ती बघून मी कलम दोन पुन्हा वाचले. आईने रडू नये, असे आता पक्के लिहितो.

त्यानंतर पंकजाने मुकादमांच्या डोक्यावरचे हेल्मेट काढून घातले, कॅमेरा आणि बॅटरी घेतली आणि क्रेनच्या डोलात, म्हणजे दगडमाती उपसायच्या लोखंडी बादलीत, पाय ठेवला. मामा म्हणाले, "बाई, दोन वळी लिहून..." तिने नुसते बघितले. मामांनी स्वतः लिव्हर धरला. तिने एक अक्षरही लिहून दिलेले नाही. मी पाच पाने लिहिली आणि अजून वरच आहे, ही नोंद प्रामाणिकपणासाठी करीत आहे.

ती खाली वीस मिनिटे होती. मी काठावर पालथा पडून खाली बघत होतो. बॅटरीचा उजेड पोकळीपाशी जाऊन थांबला आणि बराच वेळ हलला नाही. "गारगोटी हाय का?" मी वरून ओरडून विचारले. माझा आवाज विहिरीत घुमून मलाच नको वाटला.

वर आल्यावर तिने वही उघडली आणि विचारले, "ढिगाऱ्यातला पहिला तुकडा नेमका कुठं सापडला होता?"

मी सांगितले. जुन्या विहिरीच्या उत्तरेला, बाभळीपासून अकरा पावले. तिने लिहून घेतले.

कलम ७. कलम एक ते पाच कायम ठेवत आहे, कारण माझा स्वभाव पाहता कागद तयार असलेला बरा. कलम सहा रद्द. पोकळी विहिरीच्या भिंतीतच राहील, पूर्वेची चार भोके मातीने बुजवावीत. मी आणखी किती दिवस जगणार याबद्दलचे माझे मत अडीच वाजल्यानंतर बदललेले आहे.

ठिकाण: धुरपताबाईंचे शेत, चारठाणा शिवार. दिनांक १९ एप्रिल २०२५, शनिवार, सुरुंगाआधी.

लिहून देणार: शिवप्रसाद बन्सीधर दुधाटे (सही)

आमच्यासमोर सही केली, सबब साक्षीदार:

१. वैजीनाथ मुकादम (सही). दोनच वळी मागितल्या व्हत्या.

२. धुरपताबाई, डाव्या हाताचा अंगठा. उजव्या हाताला शाई लावू दिली नाही, त्या हाताने पीठ मळायचे आहे म्हणाल्या.

३. पंकजा व्यंकटराव गरुड (सही). सदर नमुना पूर्वेच्या भिंतीत, पंचेचाळीस फुटांवर, मी स्वतः पाहिला. ओकेनाइटच आहे. हात लावला नाही. प्रकल्पात नोंद अशी जाईल: शोधणारा, शि. ब. दुधाटे, चारठाणा. हयात.