शवासनात एक डोळा उघडा

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून योगासनं. निर्णय पक्का. कारण शिस्त. दुसरं कुठलंही कारण नाही.
डाव्या दंडातून अधूनमधून काहीतरी सरकत जातं, ते उशीमुळे. उशी बदलली आहे. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट लिहून दिली, पण डॉक्टरांकडे गेलं की ते काहीतरी लिहून देणारच. छातीला वायरी चिकटवायच्या आणि ट्रेडमिलवर उंदरासारखं पळायचं. ज्याचा स्वतःच्या शरीरावर विश्वास नाही त्याने पळावं. मी रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. घाबरायचं नाही हे लोकांना शिकवण्याचा मला पगार मिळतो.
हिला सांगितलं, टेस्ट नको, त्यापेक्षा योगा करतो. ही काही बोलली नाही. म्हणजे पटलं.
ध्येय: महिनाअखेर शीर्षासन.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
जाऊन आलो. दाताच्या दवाखान्याच्या वर हॉल आहे. शिकवणाऱ्या बाई चणीने लहान, आवाज मात्र मोठा. मॅट नवी. पायाकडून सारखी गुंडाळली जाते, कंपनीचा दोष.
श्वास घ्या, श्वास सोडा, हे उत्तम जमलं. सवय आहे.
पुढे वाकण्याचं आसन केलं नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यात वाकावं, असं कारखान्यातल्या पोस्टरवरसुद्धा आहे.
शेवटी शवासन. बाई म्हणाल्या, शव म्हणजे प्रेत, तसं सगळं सैल सोडून द्या. नवीन लोकांसमोर हे शब्द वापरायची काय गरज होती? खालून दाताचं मशीन कुर्र करत होतं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक उघडा ठेवला. इतकी माणसं आडवी पडलेली असताना कुणीतरी जागं पाहिजे. शिवाय हॉलचं दार आत उघडतं. नियमाने ते बाहेर उघडायला हवं. बाईंच्या कानावर घालणार आहे.

५ फेब्रुवारी
बाईंनी माझी मॅट उचलून पहिल्या रांगेत, अगदी स्वतःसमोर ठेवली. जुने लोक मागे राहिले. गुण लपत नाहीत. दर थोड्या वेळाने त्या मला विचारतात, बरं वाटतंय ना? होतकरू विद्यार्थ्याची चौकशी होतेच.
शवासनात आज दोन्ही डोळे मिटले. चूक झाली. कानात ठोके ऐकू यायला लागले. एवढा आवाज करणारी वस्तू बंद पडली तर किती शांत वाटेल, असा विचार आला. मी आणला नव्हता, आपोआप आला. डोळे उघडले.
शेजारी एक रिटायर्ड मास्तर असतात. त्यांच्याकडे लक्ष गेलं. तोंड उघडं, रंग मातकट, पोट हलत नव्हतं. नीट बघितलं. हलतच नव्हतं. मी त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवलं. मास्तर किंचाळून उठले. अख्खा वर्ग उठून बसला.
मी म्हटलं, प्रसंगावधान. मास्तर म्हणाले, अहो, पहिल्यांदाच कुठे नीट लागलं होतं हो शवासन!

८ फेब्रुवारी
क्लास बुडवलेला नाही. इमारतीपर्यंत गेलो होतो. जिना चढताना दंडात पुन्हा सरकलं, म्हणून दाताच्या दवाखान्यात जरा टेकलो. तिथली मुलगी विचारते, कुठला दात? मी म्हटलं, असाच बसलोय. ती म्हणाली, असं कुणी बसत नाही इथे.
दात साफ करून घेतले.
घरी ही म्हणाली, आज काय शिकवलं? मी म्हटलं, जबड्याचा व्यायाम. खोटं बोललो नाही.

११ फेब्रुवारी
आज बाई म्हणाल्या, पुढे वाकून पाय धरायचे, घाई नको. मी गुडघ्यापर्यंत पोचलो आणि थांबलो.
दादा नोव्हेंबरात बुटाची नाडी बांधायला वाकला होता. वहिनी म्हणाली, उशीर होतोय. तो म्हणाला, आलोच. वर आलाच नाही. माझ्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा.
याचा माझ्या वाकण्याशी काहीही संबंध नाही. बिननाडीचे बूट मी घेतले ते सोयीसाठी.
तसाच अर्धा वाकून उभा होतो. बाई जवळ आल्या, पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, राहू दे, नका वाकू. तुमच्या मिसेसनी सांगितलंय मला भावाचं. म्हणून तर समोर घेतलंय तुम्हाला.
म्हणजे हिने आधीच फोन करून ठेवला होता. पहिल्या रांगेचं हे कारण.
थोडे गुणही असतीलच.

१२ फेब्रुवारी
घरात वादावादी. मी म्हटलं, माझं प्रदर्शन मांडायचं काय कारण? हॉस्पिटलची वेळ घेतली आहे एवढंच म्हणाली, शनिवारची. मी म्हटलं, आधी शीर्षासन, मग टेस्ट. ही म्हणाली, अहो, तुम्हाला चपला घालायला भिंत धरावी लागते.
स्वभाव तिखट होत चालला आहे. झोप नीट होत नसावी.

१३ फेब्रुवारी
जे झालं ते व्यवस्थित नोंदवून ठेवतो.
शवासन सुरू झालं. दंडात सरकलं. मग छाती आवळली. मग हाताची बोटं बधिर झाली. घशात हवा अडकली. मला कळलं, आलं. दादाला असंच कळलं असेल. त्याला निदान आलोच म्हणायला वेळ मिळाला.
उठलो. कुणाच्या तरी हातावर पाय पडला, कुणाच्या तरी चष्म्यावरही. दाराशी पोचलो आणि दार ढकललं. उघडेना. आणखी जोरात ढकललं. खांदा लावला. मी ओरडत होतो म्हणतात. काय ओरडत होतो ते मास्तरांनी सांगितलं. मी दादाला हाक मारत होतो.
बाईंनी येऊन दार आत ओढलं. लगेच उघडलं.
जिन्यावर बसलो. मास्तर अनवाणी येऊन शेजारी बसले. म्हणाले, घाबरलात का? मी म्हटलं, छे. ते म्हणाले, बरं, मग माझा हात जरा सैल धरा, दुखतोय.
बाईंनी फोन केल्यावर ही आली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात माझी. टॅक्सीत माझं मनगट धरून बसली होती. मला वाटलं धीर देते आहे. नाडी बघत होती.

१४ फेब्रुवारी, हॉस्पिटल
रात्री ठेवून घेतलं. कार्डिओग्राम चांगला. रक्त चांगलं. सकाळी ट्रेडमिल. तिथला मुलगा सारखा म्हणत होता, काका, दांडी सोडा. मी म्हटलं, तू तुझं काम कर. शेवटपर्यंत सोडली नाही, पण पळालो.
हृदय ठणठणीत आहे. दंडातलं ते मानेच्या मणक्यामुळे. मानेचा पट्टा दिला आहे. आणि कालचं काय, असं हिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, भीती. पॅनिक अटॅक. मी त्यांना सांगितलं की मी सेफ्टी ऑफिसर आहे. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर पॅनिक अटॅकच लिहिलं.

१४ फेब्रुवारी, घरी
टॅक्सीत हिला म्हटलं, बघ, मी पहिल्यापासून सांगत होतो, मला काही झालेलं नाही. ही खिडकीबाहेर बघत होती.
घरी आल्यावर चहा ठेवला. दूध उतू गेलं तरी गॅस बंद करेना. ओट्याला धरून रडत होती. मी म्हटलं, अगं, रिपोर्ट चांगला आलाय. ही म्हणाली, म्हणूनच. दादा गेल्यापासून मी तुमच्या आधी झोपले नाहीये. तुम्ही झोपलात की तुमच्या नाकाशी हात धरून बघते. घरात कुणाला तरी घाबरायला नको का? तुम्ही तर घाबरतच नाही.
मी गॅस बंद केला. शेवटी म्हटलं, घाबरतो मी.
ही म्हणाली, माहितीये. तेच कधीतरी तुम्ही सांगायचं होतं.

१७ फेब्रुवारी
माझी फी भरलेली आहे आणि मला मानेमुळे बंदी आहे, म्हणून माझ्या जागी ही क्लासला गेली.
क्लास सुटायची वेळ झाली. ही आली नाही. फोन केला, उचलेना. आणखी वाट पाहिली. मग निघालो. रस्ताभर काय काय मनात आलं ते इथे लिहिणार नाही.
जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो. वर बाई दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, घरी जायच्या तयारीत. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, शवासनात झोपल्या तुमच्या मिसेस. सगळे गेले. मला उठवावंसं वाटेना.
मी म्हटलं, तुम्ही निघा, मी बसतो. किल्ली घेतली.
हॉलमध्ये एकच दिवा होता. माझ्याच मॅटवर ही आडवी पडली होती, हात सैल, तोंड अर्धं उघडं. घोरत होती. मी उंबऱ्यावर बसून ऐकत राहिलो. मध्येच घोरणं थांबायचं. मग मी मान पुढे काढून बघायचो. सुरू झालं की मागे टेकायचो.
हिला जाग आली तेव्हा खालचा दवाखानासुद्धा बंद झाला होता. म्हणाली, अहो, कधीपासून बसलाय? उठवायचं ना!
मान आखडली आहे. पट्टा घालायचा विसरलो होतो.