तुमच्या गावची नव्हते म्हणून

सिस्टरबाई,

मागच्या महिन्यात तुमचा अमेरिकेतला मुलूख टीव्हीवर पाहिला. मोठं वादळ येऊन गेलं होतं, बंधारे फुटले होते आणि अख्खं शहर पाण्यात उभं होतं. घरांच्या छपरांवर माणसं बसलेली, चादरी हलवून हेलिकॉप्टरला हाका मारणारी, आणि कॅमेरा कुठेही वळला तरी बहुतेक सगळी काळी. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते आधीच निघून गेले होते. नर्सिंग स्कूलच्या वर्गात तुम्ही आम्हाला अभिमानानं सांगायचात, "आमच्या देशात कायद्यापुढे सगळे सारखे." कायद्यापुढे असतीलही. पाण्यापुढे नव्हते. हे सगळं मी पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात, टी रूममध्ये, चहा निववत पाहत होते. तुम्हाला देवाघरी जाऊन वीसेक वर्षं झाली. मी न्यूझीलंडला येऊन इथेही नर्सच झाले, हे तुम्हाला कळायचं राहूनच गेलं.

मराठवाड्याच्या शिवेवरच्या त्या मिशन हॉस्पिटलात तुम्ही मेट्रन होतात आणि मी महारवाड्यातून आलेली, मॅट्रिक झालेली, अंगानं काडी असलेली मुलगी. तुम्ही मला नर्सिंगसाठी निवडलंत. तुमचं मराठी माझ्या वडिलांपेक्षा शुद्ध होतं, फक्त 'ळ' कधी जमला नाही. पहिल्याच रविवारी तुम्ही मला बंगल्यावर जेवायला बोलावलंत. मी सवयीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसले, तर तुम्ही दंड धरून उठवलंत आणि टेबलाशी, स्वतःच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलंत. "इथे बस, पोरी. भाजी वाढून घे." पाटलाच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात माझ्या आईचा कान तुटलेला कप असायचा, आणि त्यात चहा वरून ओतला जायचा. मी घरी जाऊन टेबलाचं सांगितलं तेव्हा आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "त्यांच्याच ताटात?" मी म्हटलं, त्यांच्याच. तुम्ही मला कधी बाप्तिस्मा घे म्हणाला नाहीत, हेही इथे लिहायला हवं. आम्ही बौद्ध झालो होतो, ते तुम्ही मान्य केलंत. म्हणून तर तुमचं म्हणणं मी खरं मानलं, की जात ही माणसाच्या डोक्यातली घाण आहे आणि ती साबणानं निघते.

मी शिकत होते त्याच्या शेवटच्या वर्षी तुमच्याच देशातून तो तरुण डॉक्टर आला. उंच, सडपातळ, काळा. ऑपरेशनच्या आधी पेशंटचा हात धरून उभा राहायचा, भाषा येत नसली तरी. अमेरिकेतून येणारे सगळे पाहुणे तुमच्या बंगल्यात उतरायचे. त्याच्या आधीचा पिवळ्या केसांचा डॉक्टरही एकटाच होता आणि वर्षभर तुमच्या टेबलाशी जेवला होता. याला मात्र तुम्ही औषधांच्या गोदामामागची खोली दिलीत. "त्याला तिथे मोकळं वाटेल," म्हणालात. त्याचं जेवण डब्यातून जायचं. रविवारी मी तुमच्या स्वयंपाकघरात हाताखाली असायची, तेव्हा पाहिलं की त्याची एनॅमलची ताटली आणि पेला घासून झाल्यावर फडताळात जात नाहीत. मागच्या दाराबाहेर, खिडकीच्या कठड्यावर पालथे राहतात. बाई, मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ती जागा मी जन्मल्यापासून ओळखत होते.

मी तुम्हाला विचारलं. बंगल्यात, तुम्ही पाव कापत होतात तेव्हा. "डॉक्टरसाहेब आपल्याबरोबर का जेवत नाहीत?" तुमची सुरी थांबली. "आमच्या देशातल्या गोष्टी तुला कळायच्या नाहीत." मी म्हटलं, "कळतात, बाई. आमच्याकडे पण कप बाहेरच, कोनाड्यात ठेवतात." तुमचा चेहरा लाल झालेला मला अजून दिसतो. तुम्ही ओरडला नाहीत. अगदी सावकाश, तुमच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणालात, "आम्ही तुला माणसात आणलं, ते विसरू नकोस." पुढच्या रविवारी निरोप आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

डॉक्टर मुदत संपायच्या आधीच निघाला. जाताना वॉर्डात सगळ्यांना भेटला. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत, जे मनात होतं ते विचारलं. तुम्ही मला शेजारी बसवलंत आणि त्याला नाही, हे कसं? तो हसला, रागावला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "तू तिच्या गावची नाहीस ना, म्हणून. तुला जवळ केल्यानं तिच्या घरचं काहीच बदलत नाही." आणि स्टेथोस्कोप खिशात घालून जीपकडे गेला.

मी पास झाले तेव्हा तुम्ही मला तुमचा निळा लोकरी कोट दिलात. आमच्या त्या भट्टीसारख्या गावात लोकरी कोट! आई त्यावर शेंगा वाळत घालायची. इथे आल्यावर, या गावच्या हाडं फोडणाऱ्या वाऱ्यात, मी तो चार हिवाळे वापरला. उबदार होता. मला तेही आवडलं नाही.

तर त्या दिवशी टी रूममध्ये टीव्ही चालू होता. आमची चार्ज नर्स, म्हणजे वॉर्डाची प्रमुख, गोरी, कामाला चोख, मान हलवत म्हणाली, "अमेरिका म्हणजे भयंकरच. नशीब, आपल्याकडे असं नाही. इथे सगळे सारखे." माझ्या शेजारी एक माओरी, म्हणजे या देशातल्या मूळच्या लोकांतली, नर्स बसली होती, माझ्याहून बरीच लहान, वॉर्डात शिरताना प्रत्येक खाटेला 'किया ओरा' असा त्यांच्या भाषेतला नमस्कार करणारी. तिनं कप खाली ठेवला. "काल माझ्या आँटीला तपासायला उशीर झाला, तेव्हा तू म्हणालीस, 'हे लोक स्वतःच्या तब्येतीची काळजी घेतच नाहीत, थांबू दे जरा.' मी पडद्यामागेच होते." चार्ज नर्स म्हणाली, मी असं काही बोललेच नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी प्रेमानं, आणि म्हणाली, "खरा अन्याय काय असतो ते तू सांग. तुमच्याकडे जात असते ना?"

मी सांगू शकले असते. तिला ते ऐकायचंच होतं: कप, कोनाडा, सगळं. डोळ्यांत पाणी आणून ऐकलं असतं तिनं. मी तिच्या गावची नव्हते ना. मी म्हटलं, "काल मीही त्या खाटेपाशी होते. तू म्हणालीस. मी ऐकलं."

पुढे काय झालं म्हणता? माओरी नर्सनं तक्रार केली, मॅनेजरनं तिला आणि मला वेगवेगळं बोलावलं. चहा दिला. 'गैरसमज' हा शब्द इतक्यांदा वापरला की शेवटी मलाच वाटायला लागलं, इंग्रजी मला नीट येत नसेल. माओरी नर्सला सांगितलं की तिचा सूर जरा आक्रमक होता. तिनं राजीनामा दिला, पोरिरुआ शहरात कुठे दवाखान्यात काम पाहिलंय म्हणे. जाताना मला मिठी मारून म्हणाली, "यू आर ऑल राइट." चार्ज नर्स अजून तिथेच आहे, आता माझ्याशी कामापुरतं बोलते. आणि आमचे मराठी लोक! शनिवारी गणपतीच्या जेवणात सगळे अमेरिकेच्या नावानं बोटं मोडत होते, काळ्यांचे काय हाल चाललेत म्हणून. जिलेबी वाढता वाढता त्यातल्याच एका काकूंनी मला मधाळ आवाजात विचारलं, "तुमचं माहेरचं आडनाव काय हो?" मी सांगितलं. त्या पुढच्या पंगतीकडे वळल्या.

समता हवी असते सगळ्यांना, बाई. दूरची. जहाजानं जावं लागेल इतकी दूरची असली तर माणसं त्यासाठी जन्म वाहतात, तसा तुम्ही वाहिलात. मला ताप आला तेव्हा माझ्या खाटेशी रात्ररात्र बसलात, हे मी विसरलेले नाही. पण तुमच्याच गावचा एक पोरगा तुमच्या दारात आला आणि तुम्ही त्याला कठडा दाखवलात. मला जवळ केलंत म्हणून ते पुसलं जात नाही. मला माणसात तुम्ही आणलं नव्हतंत. मी तिथेच होते.

हे सगळं मी काल लेकीला सांगितलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. शेवटपर्यंत ऐकून तिनं विचारलं, "सो शी वॉज अ रेसिस्ट, आई?"

"नाही," मी म्हटलं. विचारही न करता, तिचा प्रश्न पुरता संपायच्या आत. ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हापासून मी ते 'नाही' मागे घ्यायचा प्रयत्न करते आहे, म्हणून हे लिहायला बसले. इतकं लिहूनही जमलेलं नाही. तुमचा पत्ता असता तरी हे पाठवलं नसतं.