ठेंगणी तापेपर्यंत

ता. ४ फेब्रुवारी

चि. भावोजींस वहिनीचे अ. उ. आ., वि. वि.

हे पत्र माझ्या चष्म्याच्या दुकानात बसून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. फोन केला असता. पण घरचा फोन तुमच्या दादांच्या उशाशी आणि वर्कशॉपमधला त्यांच्या लेथच्या डोक्यावर. ज्यांच्याविषयी बोलायचं तेच कान देऊन उभे.

गेल्या महिन्यात दोनदा असं झालं. यांनी चहाचा कप टेबलावर ठेवायचा तो टेबलाच्या शेजारी, हवेत ठेवला. कप फुटला आणि हे तुकड्यांकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणी टाकला होता. दुसऱ्या वेळी जिना उतरताना कठडा धरून थांबले. मी हाक मारली ती ऐकू आली नाही म्हणाले. मी यांना दुकानात आणून डोळे तपासले. नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. म्हणजे गडबड डोळ्यांत नाही, डोळ्यांमागे कुठेतरी आहे. डॉक्टरांनी मानेतल्या नसांची तपासणी सांगितली आणि ती होईपर्यंत लेथवर उभं राहायचं नाही, स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं बजावलं. लेथचं यांनी मुकाट्याने ऐकलं, कारण लेथ बोटं कापतो. डोंगरावरचा रस्ता मात्र यांच्या लेखी मायेचा.

तुम्हाला आता कळलंच असेल. तेवीस तारखेला डोंगरचढाईची शर्यत आहे. पुढच्या वर्षी रस्ता रुंद करायला घेणार, म्हणून ही शेवटची. आणि तपासणीची तारीख यांनी मुद्दाम चोवीस घेतली आहे. त्या रस्त्याच्या एका अंगाला केवढी दरी आहे ते तुम्ही शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय. एका गाडीमागून एक, घड्याळ लावून सोडतात. त्यात एकदा जरी यांच्या डोळ्यांपुढे अंधार आला, तर पुढचं मला लिहवत नाही.

मी गाडीची किल्ली लपवून पाहिली. यांनी पितळेचा तुकडा घेतला आणि संध्याकाळपर्यंत दुसरी घडवून आणली, वर मला दाखवली. लेथ बंद होता, पण कानस चालू होती. घरात लोहार असला की कुलपाला काय अर्थ?

तुम्ही लिहा. ती ठेंगणी गाडी तुम्हा दोघा भावांची. मी पडले तिची सवत, माझ्या बोलण्याला मत्सराचा वास येतो. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवावं.

लोभ आहेच, या वेळी तो जरा कामाला लावावा.

तुमची वहिनी


ता. ९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून पायांखालची जमीन सरकली. त्याच दिवशी दादाला लिहिलं. विनवलं, रागावलो, शेवटी गाडीतला माझा अर्धा वाटा काढून घेईन अशी धमकीही दिली. पण तो ऐकेल असं मला वाटत नाही, आणि का ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही नेहमी विचारता, या डब्यात असं आहे तरी काय.

तुमच्या लग्नाआधीची गोष्ट. दादा दुसऱ्याच्या वर्कशॉपात लेथवर होता आणि मी कॉलेज बुडवून तिथे त्याच्या चहात वाटेकरी व्हायचो. एके दिवशी एक आर्किटेक्ट ठेंगणी घेऊन आला, चाकाचा कसलासा भाग कातून घ्यायला. गाडी फाटकातून आत आली आणि दादाने लेथ बंद केला. वहिनी, गिऱ्हाईक पैसे द्यायला आलं तरी तो लेथ बंद करत नाही. बॉनेट उघडलं तर इंजिन एवढंसं. दादाने विचारलं, बाकीचं कुठे आहे? आर्किटेक्टने खडूने फरशीवर फुगीर बाजूंचा एक त्रिकोण काढला. म्हणाला, या जपानी गाडीत पिस्टनचे दट्टे वर-खाली उड्या मारत नाहीत. हा तुकडा गोल फिरतो. बस्स. दादा त्या चित्रापाशी उकिडवा बसला तो उठेचना. जन्मभर गोल फिरणाऱ्या लोखंडापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्याच गोतातलं इंजिन भेटलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

मी पडलो तो तिच्या रुसण्याच्या प्रेमात. गाडी त्या रात्री वर्कशॉपातच राहिली. सकाळी झाडून घ्यायला जागा हवी म्हणून आम्ही चोक ओढून ती चालू केली, हातभर पुढे घेतली आणि लगेच बंद केली. झालं. ही गाडी गार असताना चालू करून तशीच बंद केली की पेट्रोल आत साचतं, प्लग चिंब भिजतात आणि मग बाईसाहेब काही केल्या उठत नाहीत. ढकलून ढकलून आमचे खांदे गेले. आर्किटेक्टचं विमान चुकलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, हिला एकदा जागी केलीत की तापू द्यावं, मगच झोपवावं. इतक्या मानी गाडीवर जीव न जडता तर नवल. पुढे तीच गाडी त्याने ठोकली, आम्ही ती भंगाराच्या भावात उचलली आणि उभी केली. त्यानंतरचं तुम्ही सोसलंच आहे.

शर्यतीच्या मंडळाला कळवावं असंही मनात आलं. ते नाव काढून टाकतील. पण चारचौघांत आजारी ठरवलं म्हणून दादा तुम्हाला आणि मला आयुष्यभर माफ करणार नाही, आणि एवढं करून शर्यत संपल्यावर रिकाम्या रस्त्यावर एकटा जाईल तो जाईलच. रजेचा अर्ज टाकला आहे. मिळाली तर येऊन गाडीपुढे आडवा पडेन.

आपण धीर सोडू नये, आणि माझ्यावरचा लोभही.

आपला बारक्या


ता. १४ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं उपदेशामृत पोचलं. अर्धा वाटा काढून घेणार म्हणतोस. कुठला घेतोस, पुढचा की मागचा?

तुझ्या वहिनीने तुला लिहिलं हे उघड आहे. तिचा दोष नाही. कपाचे तुकडे तिने गोळा केलेत. म्हणून तुझ्याशी खोटं बोलत नाही, पण हे तुझ्यापाशीच ठेवायचं, आईची शपथ आहे तुला.

रविवारी सरावाला ठेंगणीला वर नेलं होतं. खडकापासचं वळण तुला आठवतं, जिथे तू डोळे मिटून घ्यायचास. मी त्या वळणाकडे येत होतो आणि मग मी त्याच्या पलीकडे होतो. मधलं मला आठवत नाही. वळण मी घेतलं की तिने घेतलं, कुणास ठाऊक. गाडी बाजूला लावली आणि इंजिन गार होईपर्यंत बसून राहिलो.

तेव्हा मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. पण चोवीस तारखेला डॉक्टर काय सांगणार ते मला आजच ठाऊक आहे. त्यानंतर ठेंगणी नाही. उरलेलं आयुष्य शेजारच्या सीटवर. त्याआधी एकदा घड्याळ लावून वर जाऊ दे. मी तिच्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस ते आधी स्वतःला विचार, मग मला पत्र लिही.

रागावलास तरी लोभ कमी करायचा नाही.

तुझा दादा


ता. १७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. आईची शपथ मोडतो आहे, तिने वरून माझा कान धरला तरी चालेल. सरावाच्या वेळी दादाची शुद्ध हरपली होती, ऐन खडकापासच्या वळणावर. गाडी रस्त्यावर राहिली हे नशीब. तो हे तुम्हाला कधीच सांगणार नाही.

माझी रजा नामंजूर झाली. कारखान्यात यंत्र बसवायचं काम सुरू आहे आणि दोन माणसं आधीच आजारी आहेत. मी इथे हात चोळत बसलोय. दादाला पुन्हा लिहिलं, पण शब्दांनी तो थांबायचा नाही. वहिनी, तुम्हाला जे सुचेल ते करा. बरं की वाईट ते नंतर बघू. मी तुमच्या बाजूने उभा आहे, इतक्या लांबून जेवढं उभं राहता येतं तेवढा.

लोभापेक्षा आता खुशालीचीच वाट बघतो.

बारक्या


ता. २६ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

मी जिवंत आहे आणि शर्यत झाली, पण माझ्याशिवाय. ठेंगणी उठलीच नाही.

रविवारी सकाळी आंघोळ उरकली, बूट चढवले, हेल्मेट काखोटीला मारलं आणि गल्लीच्या टोकाला गॅरेजात गेलो. किल्ली फिरवली तर नुसतं कण्हणं. पेट्रोलचा वास आला आणि काय झालंय ते कळलं. प्लग काढले. चिंब. पुसले, सुकवले, लावले, पुन्हा फिरवली. बॅटरी मान टाकायला लागली. तुझी वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. एरवी गॅरेजात पाऊल न टाकणारी बाई.

दुसऱ्यांदा प्लग काढताना ते आलं. पाना पडल्याचा आवाज ऐकला, पडताना दिसला नाही. डोळे उघडले तर मी फरशीवर आणि डोकं वहिनीच्या मांडीवर. समोर भिंतीवर घड्याळ. बारक्या, माझी पाळी त्याच सुमाराची होती. मी खडकाच्या वर कुठेतरी असतो.

दुसऱ्या दिवशी गुमान तपासणीला गेलो. डावीकडची नस जवळजवळ बुजली आहे. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. गाडीचं विचारलं तर डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आता तुझ्यापुरतं. गॅरेजात पहिल्यांदा सीटवर बसलो तेव्हा माझे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढच्या खाचेला ओढलेली होती. त्या खाचेवर ज्याचे पाय नीट पोचतात असं माणूस आपल्या घरात एकच आहे. ठेंगणीला गार असताना चालू करून बंद करायची चूक आपण दोघांनी एकदा केली, पुन्हा कधी नाही. तुझ्या वहिनीला ती कुणी शिकवली ते मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

राग आला होता. फरशीवर पडेपर्यंत होता. मला कळलंय हे तिला बोललेलो नाही. आभार मानायला गेलो तर तिला वाटेल टोमणा मारतोय, आणि खरं तर निम्मा असेलही.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा पुरे. शस्त्रक्रियेच्या दिवशी मात्र आठवण काढ.

तुझा दादा


ता. ६ एप्रिल

चि. भावोजींस अ. उ. आ., वि. वि.

यांचे टाके केव्हाच निघाले. मानेवर व्रण राहिलाय, तो कॉलरखाली लपवतात आणि लपला का ते मला विचारतात. कप आता टेबलावरच बसतात. गाडी चालवायला कायमची बंदी आहे.

त्या सकाळचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते. हे आंघोळीला गेले आणि यांनी घडवलेली किल्ली घेऊन मी गल्लीच्या टोकाला पळाले. सीट पुढे ओढली, तुमच्या पत्रातल्यासारखा चोक ओढला, किल्ली फिरवली. भावोजी, मी गेले होते तिचा गळा दाबायला. पण ती घुमायला लागली आणि ते घुमणं माझ्या पाठीतून वर चढलं. आमच्या रोजच्या गाडीत सगळं खडखडतं. इथे काही म्हणजे काही उड्या मारत नव्हतं. तो खडूने काढलेला त्रिकोण माझ्या पायांपुढे गोल फिरत होता आणि मला पहिल्यांदा कळलं की यांनी त्या दिवशी लेथ का बंद केला. इतकी वर्षं सवत म्हणून जिच्याकडे पाठ फिरवली तिने मला एका घुमण्यात खिशात घातलं. किल्लीवर हात होता आणि बंद करवेना. मग खडकापासचं वळण आठवलं, आणि केली बंद. खात्री व्हावी म्हणून पुन्हा एकदा तसंच केलं. तिथेच बसून रडले. यांच्यासाठी की तिच्यासाठी, अजून सांगता येत नाही.

यांना काही ठाऊक नाही असं मी धरून चालले होते. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज दुसरंच काहीतरी बोलायचे.

काल दुपारी यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली, पितळेची. म्हणाले, ठेंगणी उभ्या उभ्या गंजेल, तू शिक. शेजाऱ्यांनी ढकलून ती गल्लीत आणून दिली होती. मी दार उघडून बसणार, तेवढ्यात हे आत वाकले आणि त्यांनी सीट पुढे ओढली. चाचपली नाही, मला बसवून मापली नाही. नेमक्या त्याच खाचेला आणून सोडली आणि माझ्याकडे न बघता पलीकडच्या दाराने जाऊन शेजारी बसले.

मी बसले. पाय बरोबर पोचले. हे समोर बघत म्हणाले की चोक ओढ, आणि एक लक्षात ठेव, गार असताना बंद करायची नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे. हे म्हणाले, हो, मला ठाऊक आहे.

मी किल्ली फिरवली आणि ती घुमायला लागली. यांनी गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला, आणि ठेंगणी तापेपर्यंत आम्ही दोघं तसेच गल्लीत बसून होतो.

रजा मिळेल तेव्हा या. मागे सीट नाही, तेव्हा लोभ ठेवून आळीपाळीने बसावं लागेल.

तुमची वहिनी