पायलटच्या सीटचा पट्टा

दादा,

तुझं विमान अखेर तळ्यातून वर काढलं. तू मात्र सापडला नाहीस.

जुनी विमानं जपणाऱ्या आमच्या मंडळाची प्रमुख मीच. "जसं सापडलं तसंच ठेवायचं," म्हणत एका स्क्रूसाठीही मी लोकांच्या अंगावर धावून जाते.

तुझ्या सीटचा पट्टा उघडा होता. तुटलेला नाही, हाताने सोडलेला. म्हणजे पाण्यात पडल्यावरही तू शुद्धीवर होतास.

आई इतकी वर्षं एकाच वाक्यावर जगलीय, "त्याला काही कळलंच नसेल गं." उद्या ती विमान बघायला येणार.

आज मीच तो पट्टा लावून टाकला. खट्‌ आवाज झाला आणि वाटलं, तुला परत आत कोंडलं.

उद्याचा दिवस तेवढा बसून राहा, दादा. आई घरी गेली की लगेच सोडवते.

तुझीच,
भांडकुदळ