मशीन कुणाची?

तीर्थरूप आत्याच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसतीच बाटली उशाशी ठेवतेस?) इकडे सगळं ठीक. बाबा पेपर वाचतात, आई मजेत आहे, आणि तीच तर अडचण आहे. फोनच केला असता, पण आमच्या घरात भिंतींना कान नसले तरी आईला आहेत.

मी साइटवर दर रविवारी कादंबरीचा एक भाग टाकतो, हे तुला ठाऊक आहेच. सगळ्यांत जास्त वाचल्या जाणाऱ्या कादंबरीचं महिनाअखेरीस छापील पुस्तक निघणार आहे. त्या पुस्तकावर माझा जीव टांगलेला आहे. पहिले तीन भाग माझा नायक खिडकीपाशी उभा राहून आयुष्याचा विचार करत होता. त्याला कुणी 'बस बाबा' म्हणेना. वाचक तीन होते: मी, बाबांच्या फोनवरून मी आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मी.

चौथ्या भागात काही सुचेना, म्हणून नायकाच्या घरची शिलाई मशीन त्याच्या डाव्या गालावर तीळ असलेल्या आत्याने पळवली असं लिहिलं. वर 'सर्व पात्रे काल्पनिक' असं ठळक घातलं होतं. तरी खाली 'सत्यवचनी' नावाच्या बाईंची प्रतिक्रिया आली की 'मशीन पळवली नाही, माझ्या आईने स्वतः टेम्पोत चढवून दिली, शिवाय माझा तीळ उजव्या गालावर आहे.' (आत्या, टोपणनाव घ्यायचं तर तीळ तरी झाकावा!) घटकाभरात 'एक गृहिणी'चा सवाल आला: टेम्पो बोलावला कुणी होता? स्वयंपाकघरात जाऊन पाहतो तो आमची गृहिणी चष्मा नाकाच्या टोकावर आणून एका बोटाने टाइप करतेय आणि मागे दूध उतू जातंय.

इतकी वर्षं तुम्ही दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलला नव्हता. तुंबलेलं सगळं माझ्या कादंबरीखाली वाहिलं. वाचकांत दोन तट पडले. कुणा निवृत्त न्यायाधीशांनी टेम्पोवाल्याची साक्ष मागितली. आमचे साहेब, जे माझ्या नमस्काराला मानही हलवत नाहीत, ते टेबलाशी येऊन मशीनचं पुढे काय झालं ते विचारू लागले. कादंबरी पहिल्या नंबरवर! (ती कुणी वाचत नव्हतं. लोक वरून घसरत थेट तुमच्यापाशी पोचायचे. पण घसरणारेही मोजले जातात.)

आणि मग तू घात केलास. 'वहिनी, तुमच्याशिवाय मशीनवर बसायला मन होत नाही,' असं सगळ्यांदेखत लिहिलंस! आई त्याच संध्याकाळी बॅग भरून तुझ्याकडे आली, आणि परतली ती नवा ब्लाउज घालून, गुणगुणत. (ती गुणगुणते हे मला ठाऊकच नव्हतं. खरं सांगतो, दारात तिच्या हातातली बॅग घ्यायचंही विसरलो.) पण आल्या आल्या तिने साइटवर काय लिहावं? 'वन्सं, पोचले. बाह्या छान बसल्या.' यावर वाचकांनी करायचं काय? अभिनंदन करून पांगले बिचारे. कादंबरी आता सातव्या नंबरवर आहे.

असो. तुमचं मिटलं याचा मला मनापासून आनंद आहे. कुणाची दृष्ट न लागो. तब्येतीला जप.

तुझा लाडका भाचा

ता. क. महिनाअखेरीपर्यंत परत जरा भांडाल का? एरवी गोड राहा, भांडण फक्त साइटवर. विषय मी पुरवतो: मशीनबरोबरची कात्री कुठे गेली?

ता. क. २. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. ३. वन्सं, लेखक झाला तरी घरात डिंक कुठे असतो ते याला माहीत नाही, म्हणून पाकीट चिकटवायला माझ्याकडेच आलं. तुम्ही याच्यासाठी सांगितलेल्या त्या मुलीला रविवारी तुमच्या घरी बोलावून ठेवा. वन्संशी भांडायला चाललेय म्हटलं की हा आपणहून सोबत येईल. नवा शर्ट मी घालायला लावते.