बुटक्या रायफलीला परस्पर जोडलेल्या पत्र्याच्या तुकड्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
रायफल तुलना चाचणी समिती,
शस्त्र चाचणी केंद्र.

विषय : चाचणीतील बुलपप रायफलीला विनापरवाना पत्र्याचा तुकडा जोडणाऱ्या दोघांना बडतर्फ करणे व अर्जदाराचे नाव नेमबाज पथकात कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील अर्जदाराचा मागील आठवड्यातील तक्रार अर्ज. २) त्यावरून संबंधित दोघांना चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवण्याचा समितीचा आदेश.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या केंद्रातील जुना नेमबाज असून सध्या सुरू असलेल्या तुलना चाचणीत पहिल्या पथकात आहे. उद्या चाचणीचा शेवटचा टप्पा असून त्यानंतर समिती दोनपैकी एक रायफल सैन्यासाठी निवडणार आहे. पथकातून नाव कमी झालेल्या नेमबाजाला फाटकावर पास तपासायला बसवतात, हे आपणांस ठाऊक आहेच. अर्जदाराला फाटकावर बसायचे नाही. परंतु त्याच्या नावाचा भलताच उपयोग करून घेण्यासाठी केंद्रात काहीतरी शिजते आहे, अशी त्याची खात्री झाल्याने हा अर्ज करणे भाग पडले.

२. अर्जदार आकसाने बोलतो असे कोणी म्हणू नये म्हणून प्रथम दोन्ही रायफलींविषयी. नेहमीच्या लांब रायफलीत गोळ्यांचे मॅगझिन चापाच्या पुढे असते. बुलपपमध्ये मॅगझिन आणि सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात बसवलेली असते. नळी तेवढीच लांब राहून रायफल मात्र आखूड होते, म्हणून पथकात तिला 'बुटकी' म्हणतात. बुटकी गाडीतून उतरताना दाराला अडकत नाही, अरुंद जिन्यात सहज वळते, आणि एका हाताने धरली तरी तिचे तोंड खाली झुकत नाही. हे गुण अर्जदार मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु चाप पुढे आणि यंत्रणा मागे असल्याने मध्ये लांब सळई घालावी लागते, त्यामुळे तो चाप ओढताना ओल्या सुंभासारखा लिबलिबीत लागतो. मॅगझिन बदलायचे तर स्वतःच्या काखेत हात घालावा लागतो. लांब रायफलीत हे सारे डोळ्यांसमोर होते आणि डोळ्यांसमोर होणाऱ्या गोष्टीत फसवणूक कमी असते, असा अर्जदाराचा अनुभव आहे.

३. आता मुख्य मुद्दा. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी उजव्या बाजूच्या खिडकीतून उडते. लांब रायफलीची ही खिडकी तोंडापासून बरीच पुढे असल्याने ती कोणत्याही खांद्यावरून चालवता येते. बुटकीची खिडकी थेट गालाशी येते. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याला त्याचा उपद्रव नाही. डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याच्या गालावर मात्र तापलेली पुंगळी येऊन आदळते. अर्जदार गेल्या वर्षापासून डाव्या खांद्यावरून मारतो. कारण खासगी आहे. नेमबाजाने कोणता खांदा वापरावा याविषयी नियमावलीत एक अक्षर नाही, हे अर्जदाराने नीट वाचून पाहिले आहे. लांब रायफल होती तोवर यावरून कोणाचेही काही अडले नव्हते. बुटकी आल्यापासून अर्जदाराच्या गालावर भाजल्याचे डाग आहेत, आणि पुढची पुंगळी येणार या धास्तीने त्याच्या गोळ्या लक्ष्यावर वाटेल तशा विखुरतात.

४. मागील आठवड्यात अर्जदाराने नेहमीप्रमाणे आपल्या नावावरची बुटकी घेऊन गोळीबार केला असता एकही पुंगळी गालावर आली नाही. सगळ्या मुकाट्याने पुढे उडून गेल्या. अर्जदाराच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. इतके दिवस त्याच्या गालाची कोणाला फिकीर नव्हती, मग अचानक ही सोय का? त्याने रायफल उलटसुलट करून पाहिली. खिडकीच्या मागच्या कडेला बोटभर पत्र्याचा तुकडा वाकवून दोन स्क्रूंनी बसवलेला होता. त्याला रायफलीच्याच रंगाचा हात दिलेला होता आणि कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. एवढी मेहनत सत्कार्यासाठी कोणी लपवून करत नाही.

५. चाचणीतल्या शस्त्रात परस्पर बदल करणाऱ्यास बडतर्फ करावे, असा नियम आहे. अर्जदाराने तुकडा काढून त्याच दिवशी तक्रारीसोबत समितीकडे जमा केला. चौकशीत दोघांनी तो आपण बसवल्याचे कबूल केले. एक शस्त्रागारातला मिस्त्री. दुसरा अर्जदाराचा सख्खा साडू, जो पहिल्या पथकात अर्जदाराच्या शेजारच्या जागेवरून गोळीबार करतो. साडू बुटकीचा उघड चाहता आहे. अर्जदार तिच्यावर टीका करतो हे सर्वश्रुत आहे. तेव्हा टीकाकाराच्याच हातून चांगले गुण मिळवून बुटकी पास करून घ्यायची आणि नंतर तुकडा गुपचूप काढून टाकायचा, असा हा बेत असावा. बुटकीच्या कंपनीचा माणूस आला होता तेव्हा त्याने साडूला टोपी भेट दिली होती. साडू ती घरीही घालतो.

६. बेत जुना असल्याचे पुढील गोष्टींवरून दिसून येईल. मिस्त्रीने एकदा अर्जदाराला शस्त्रागारात बोलावून बुटकी डाव्या खांद्याला लावायला सांगितली आणि रायफलीवर खडूने खूण केली. कशासाठी, असे विचारता तो "असंच, दस्ता बघतोय" म्हणाला. अर्जदाराच्या गालाला लागलेला खडू त्याने स्वतःच्या रुमालाने पुसला. केंद्रात कोणी कोणाचे गाल पुसत नाही. त्यानंतर दवाखान्यातला कंपाउंडर कँटीनमध्ये विनाकारण शेजारी येऊन बसला आणि समोरच्या फलकावर आज काय काय आहे ते वाचून दाखवा म्हणाला. त्याला स्वतःला वाचता येते. तो साडूचा मित्र आहे. हल्ली अर्जदार खोलीत शिरला की साडू आणि मिस्त्री बोलणे थांबवून हवापाण्याची चौकशी करतात.

७. चौकशीतली दोघांची उत्तरेही तपासावीत. तुकडा का लावला, या प्रश्नावर साडूने "हौस आली म्हणून" असे उत्तर दिले. पुन्हा विचारता "म्हटलं ना, हौस" एवढेच. मिस्त्री तर मान खाली घालून "चूक झाली साहेब" यापलीकडे गेला नाही. नोकरी जाण्याची वेळ आली असता माणूस हौसेचे कारण सांगत नाही. दोघे काहीतरी दडवत आहेत, आणि अर्जदाराचे नाव एकाच्याही तोंडून आले नाही ही बाब सर्वांत संशयास्पद आहे.

८. सबब समितीस विनंती की, संबंधित दोघांस तात्काळ बडतर्फ करून

९. अर्जात खाडाखोड करू नये असा नियम असल्याने वरील मजकूर जसाच्या तसा ठेवून पुढे लिहीत आहे. वरचे वाक्य अर्धवट राहिले, कारण अर्जदाराच्या पत्नीने मागे उभे राहून ते वाचले. सुटीची दुपार होती आणि ती चहा घेऊन आली होती. तिचे शब्द समितीच्या माहितीसाठी जसेच्या तसे देतो : "अहो, त्या दोघांनी तुमचं काय वाकडं केलंय? चहाचा कप उजवीकडे ठेवला की तुमचा हात लागून सांडायचा, म्हणून मी तो डावीकडे ठेवायला लागले. दाराच्या उजव्या कडेला तुमचा खांदा रोज आपटतो. घरात मला कळतं, आणि शेजारी उभं राहून गोळ्या मारणाऱ्या दाजींना कळणार नाही होय?" दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अर्थात साडू.

१०. यावर अर्जदाराने तिला काही कळत नसल्याचे सांगितले. तिने कप ठेवला आणि म्हणाली, "ताई परवा रडत होती. दाजी तिला म्हणाले, खरं सांगितलं तर माझी नोकरी वाचेल, पण त्याला लगेच फाटकावर बसवतील. तो तिथं मरून जाईल. मी सांगणार नाही." अर्जदाराने प्रथम असा निष्कर्ष काढला की, या दोन बहिणींनी मिळून साडूला वाचवण्यासाठी ही कहाणी रचली असावी. खात्री करण्यासाठी तो चहा तसाच टाकून साडूच्या घरी गेला.

११. साडू व्हरांड्यात बसून बुटांना पॉलिश करत होता, वास्तविक त्याला उद्या कोठेही जायचे नव्हते. आपल्यावर तक्रार करणारा माणूस आलेला पाहून तो रागावेल अशी अर्जदाराची तयारी होती. तो उठून पुढे आला आणि म्हणाला, "ये. इथली पायरी फुटलीये, हात दे." अर्जदाराने उभ्याउभ्याच विचारले की, तुला कधीपासून माहीत आहे. तो म्हणाला, "तू खांदा बदललास त्या दिवसापासून. जन्मभर उजव्यावरून मारणारा माणूस उगाच डावीकडे जातो होय? म्हटलं सांगेल स्वतःहून. नाही सांगितलंस. मग बुटकी आली आणि तुझा गाल भाजायला लागला. मिस्त्री म्हणाला, आपल्याला डोळा दुरुस्त करता येत नाही, पुंगळीचं बघू. एवढंच." कंपाउंडरलाही त्यानेच पाठवले होते. नजर किती उरली आहे आणि औषधाने काही होईल का, एवढेच त्याला कोणाला न कळता विचारून घ्यायचे होते. तक्रार कोणी केली हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. तरी त्याने आधी पायरी सांभाळायला सांगितले होते. अर्जदाराला लाज वाटली. हा शब्द अर्जात बसत नसल्यास समितीने योग्य तो शब्द घालून वाचावे.

१२. तरी कलम ३ मधील 'खासगी कारण' येथे नमूद करतो. अर्जदाराच्या उजव्या डोळ्यापुढे मागील वर्षी धुके आले. पुढे त्या बाजूचे दिसेनासे झाले. तो डॉक्टरकडे गेला नाही, कारण गेला असता तर ते कागदावर आले असते. त्याने खांदा बदलला आणि डाव्या डोळ्याने नेम धरायला शिकला. लांब रायफलीने ते निभावून नेले. बुटकीने पहिल्याच दिवशी त्याचा गाल भाजून त्याला उघडे पाडले, म्हणून अर्जदाराला ती आवडत नव्हती. तिचा चाप, तिची सळई, काखेतले मॅगझिन हे दोष खरे आहेत, परंतु अर्जदार ते मोजत बसला तो स्वतःला वाचवण्यासाठी.

१३. यावरून समितीच्या लक्षात येईल की, अर्जदाराचे गुण तुलनेसाठी निरुपयोगी आहेत. बुटकीचे गुण कमी आहेत ते गालाच्या धास्तीने, आणि लांब रायफलीचे जास्त आहेत ते तिने अर्जदाराची लबाडी झाकली म्हणून. यातून दोन रायफलींविषयी काहीच सिद्ध होत नाही, एका माणसाविषयी होते. सैन्याने कोणती रायफल घ्यावी हे त्या माणसाच्या डोळ्यावरून ठरू नये. मात्र सैन्यात डाव्या खांद्याचे लोक असतात, आणि उजव्या खांद्याच्या माणसालाही कधी भिंतीच्या डाव्या कडेआडून मारावे लागते. त्यांचा विचार रायफल बनवणाऱ्या कंपनीने केला नव्हता. तो साडूने आणि मिस्त्रीने कानस हातात घेऊन केला, एवढे समितीने लेखी नोंदवावे.

१४. सबब नम्र विनंती की,
(अ) अर्जदाराची मागील तक्रार तसेच या अर्जातील कलम ४ ते ८ मागे घेण्यात आले असे समजावे आणि साडू व मिस्त्री यांना उद्या सकाळी कामावर घ्यावे. तुकडा अर्जदारासाठी बसवला होता, तेव्हा बडतर्फीचा नियम लावायचाच झाल्यास तो अर्जदाराला लावावा.
(आ) अर्जदाराचे दोन्ही रायफलींवरचे सर्व गुण रद्द करावेत.
(इ) विषयात मागितल्याच्या उलट, अर्जदाराचे नाव नेमबाज पथकातून कमी करावे. उद्याच्या टप्प्यात त्याच्या जागी दोन्ही डोळे शाबूत असलेला माणूस उभा करावा.

१५. हा अर्ज साडूच्या सांगण्यावरून, नातेसंबंधाच्या दबावाखाली लिहिला आहे असा संशय समितीला येणे स्वाभाविक आहे. अर्जदार समितीत असता तर त्यालाही आला असता. कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, अर्जदाराच्या तर नाहीच. त्याला आपल्या दालनात बोलावून खुर्चीवर बसवावे, समोर बघायला सांगावे, आणि आपण स्वतः त्याच्या उजव्या बाजूने, पावलांचा आवाज न करता, अगदी जवळ येऊन उभे राहावे. अर्जदार समोरच पाहत बसलेला असेल. आपण आलात हे त्याला कळणार नाही.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
अर्जदार,
नेमबाज, पहिले पथक

दिनांक : चाचणीच्या शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी